आपोलिनाबायचा गज

सांगायचं तर सरळच सांगते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी चार वाजता, माझा धाकटा भाऊ समर्थ भरलेल्या बंदुकीच्या नळीसमोर चार हातांच्या अंतरावर उभा होता. बंदूक रिकामी आहे असं सगळे धरून चालले होते. ती तिथे आली माझ्यामुळे. ती समर्थवर रोखायची हे लिहिलं मी. आणि ती रिकामी आहे की नाही हे कळायचा जो एकच सोपा मार्ग होता, तो लाल पेनाने खोडलाही मीच. साठेक माणसं समोर बसली होती. त्यांतल्या एकट्या आपोलिनाबायला घाम फुटला होता, आणि मी तिलाच सगळ्यांसमक्ष गप्प बसवलं.

आता आपोलिनाबाय कोण ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी विनीता. मसुऱ्यात आमच्या वाडीचं छोटं वाचनालय सांभाळते आणि दिवाळी अंकांत रहस्यकथा लिहिते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणायची. समर्थ म्हणतो, शेंड्यावर कसला, तो पार ओठावर उतरलेला असतो. आपोलिनाबाय आमची शेजारीण. अडुसष्ट वर्षांची, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी क्लॉडिया मडगावला दिलेली. काजूची बाग, चार कुणगे, म्हणजे खाचरं, भात आणि वीसेक कोंबड्या एवढं सगळं एकटी बघते. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक गडगा, दगडांचा बुटका बांध. रोज तिन्हीसांजेला इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा झाली की तिच्या घरातून लोखंडावर लोखंड पडल्याचा एक आवाज यायचा. खण्ण. एकदाच. मी लहानपणापासून तो ऐकत आले. मला वाटायचं, विहिरीचा पोहरा ठेवत असेल.

पाच वर्षांपूर्वी माझी एक कथा छापून आली. आमच्याच भागातली, काजूच्या बागेतल्या खुनाची. चार दिवसांनी आपोलिनाबाय अंडी घेऊन आली आणि अंड्यांच्या टोपलीतून तो अंकही काढला.

"ह्या तूच लिवलंस मा?"

"होय," मी म्हटलं. कौतुक होणार म्हणून पदर सावरून बसलेसुद्धा.

"तुझ्या ह्या माणसाकडे ठासणीची बंदूक आसा. मगे तो पळता पळता तीन बार कसो काढता? मदी दारू कोण ठासता, तेचो आजो?"

तिने पान उलटलं.

"आनी ह्या बघ. 'त्याने सेफ्टी काढली.' ठासणीच्या बंदुकीक सेफ्टी? माझ्या आडाळ्याक आसा काय सेफ्टी?" आडाळो म्हणजे आमच्याकडची नारळ खवायची विळी. "आनी बार झाल्यार धूर खंय गेलो? काळ्या दारूचो धूर येवढो होता की समोरचो मेलो काय जितो आसा, ता वाऱ्याक इचारूचा लागता. तुझो इन्स्पेक्टर बरो लगेच धावलो!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर एकाही संपादकाने असलं काही काढलं नव्हतं. मी म्हटलं, "बाय, कथा आसा ती. कल्पना असता सगळी."

"कल्पना माणसाची कर," ती म्हणाली. "बंदुकीची करू नको."

आणि अंड्यांचे पैसेही न घेता गेली. दोन दिवस मी फणफणत होते. तिसऱ्या दिवशी वही घेऊन गडगा ओलांडला. काय करणार, बाई खरं बोलली होती.

तिच्याकडे शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक होती. एकनळी, ठासणीची, नवऱ्याच्या मागे तिच्या नावावर झालेली. परवान्याचे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. निवडणूक लागली की ती बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षाने पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की सोडवून आणायची. ठाण्यात ती शुद्ध मराठीत बोलायची, "साहेब, माझं हत्यार परत द्या, डुकरांना निवडणूक कळत नाही." भात पोटरीत आलं की रानडुकरं उतरतात, काजूला वानरं. ती हवेत एक बार काढायची, बस. इतक्या वर्षांत तिने एक जनावर मारलेलं मी पाहिलं नाही.

तिने मला सगळं शिकवलं. बंदूक किती जड असते, उचलली की उजवा खांदा कसा खाली येतो. दारू आधी, मग चिंधी, मग छर्रे, मग परत चिंधी. शेवटी मागच्या टोकावर केप, म्हणजे तांब्याची टिकली. चाप ओढला की घोडा त्या टिकलीवर पडतो, ठिणगी आत जाते, बार होतो. पण या सगळ्याच्या आधी तिने शिकवला तो गज. नळीखाली खोवलेली लोखंडी सळी. बंदूक हातात घेतली, मग ती स्वतःची असो की पाहुण्याची, की पहिल्यांदा गज नळीत सोडायचा. तिच्या गजावर कानशीने घासून केलेली एक खूण होती. नळी रिकामी असली तर गज तळाला जाऊन आपटतो, खण्ण वाजतो आणि खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. भरलेली असली तर आवाज येतो धप्प, आणि खूण चार बोटं वर राहते.

तेव्हा मला कळलं की तिन्हीसांजेचा तो आवाज पोहऱ्याचा नव्हता.

"रोज कित्याक?" मी विचारलं. "तूच ठेवतंस, तूच बघतंस. दुसरा कोण आसा घरात?"

"आमच्या गावचो एक कायदो आसा," ती म्हणाली. "केप काढली म्हणजे बंदूक रिकामी. घराघरात ह्याच. भरतत, डुकर येत नाय, मगे केप काढतत आनी दाराच्या पाठी उभी करून ठेवतत. दारू आत, छर्रे आत. इचारल्यार सांगतत, रिकामी आसा. माझो भाव ह्याच रिकाम्या बंदुकीन गेलो."

बाप्तिस्त त्या भावाचं नाव. एकोणीस वर्षांचा होता, ती अकराची. माहेरच्या घराच्या पडवीत, भर दुपारी. "पयली केप लावली तर नुसता फट्," ती सांगत होती. "काय्येक झाला नाय. सगळे हसले. दारू दमट झाल्ली असतली..." आणि तिथेच थांबली. कोंबडी हाकलायला म्हणून उठली.

आणि मी, लाज वाटते सांगायला, वहीतून मानही न काढता विचारलं, "मगे? दुसरी केप कोणी लावली? किती अंतर होता? लगेच पडलो काय?"

तिने वळून बघितलं. "तुका गोष्ट होयी," ती म्हणाली. "जा आता." त्यानंतर हा विषय तिने काढला नाही आणि मीही नाही.

यंदा कुडाळच्या एकांकिका स्पर्धेसाठी मी 'राखण' लिहिली. दोन भाऊ, एक काजूची बाग, वाटणीचा वाद. शेवटी थोरला रागाने धाकट्यावर बंदूक रोखतो, चाप ओढतो, फट् असा नुसता आवाज होतो, बंदूक रिकामी निघते, आणि दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. थोरला होता दत्तप्रसाद, दिवसा रिक्षा चालवतो, आवाज खणखणीत. धाकटा माझा समर्थ. आईवडील गेल्यावर याला मीच वाढवलेला. चिडले की बोलते त्याला वाट्टेल ते, पण तो घरी येईपर्यंत मला घास उतरत नाही.

पहिल्या लिखाणात गज होता. दत्तप्रसाद धाकट्याची पाठ असताना गज सोडतो, खण्ण वाजतं, प्रेक्षकांना कळतं की बंदूक रिकामी आहे, धाकट्याला मात्र कळत नाही. आपोलिनाबाय तालमींना यायची आणि लाकडी बंदूक घेऊन दत्तप्रसादला शिकवायची. "खांदो खाली घे रे, ती काय झाडू आसा? बोट चापार नको, भायेर. आनी पयलो गज. हातात घेतलंस की पयलो गज."

स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस मी गज खोडला. का? अहो, प्रेक्षकांना आधीच कळलं की बंदूक रिकामी आहे, तर श्वास कशाला रोखतील? चाप ओढेपर्यंत त्यांनाही कळता कामा नये. लेखिका म्हणून मी बरोबरच होते, आजही म्हणेन. पण बाय ऐकेना.

"गज नाय घातलो तर तेका कसा कळतला, रिकामी आसा ती?"

"तेका ठाऊक आसा गो! त्याची बंदूक, तेका नाय ठाऊक?"

"ठाऊक आसा म्हणणारेच मारतत."

"बाय, लाकडाची आसा ती बंदूक! नाटक आसा!"

"मगे बंदूक पण खोड," ती म्हणाली, छत्री उचलली आणि गेली. पुढे तालमीला फिरकली नाही. मी म्हटलं, गेली तर गेली, आता शेवट तरी रंगेल.

आणि त्याच तोंडाने मी दत्तप्रसादला रोज टोमणे मारत होते. "लाकडाचा दांडका धरतंस आनी सांगतंस बंदूक! पयल्या रांगेतल्या परीक्षकाक कळाचा नाय? खांदो बघ तुझो, फुलपाखरू बसल्यासारखो!" एकदा नाही, वीसदा. बोलणाऱ्याचं तोंड दिसतं, पण ऐकणारा काय मनावर घेईल ते दिसत नाही.

रंगीत तालीम शाळेच्या हॉलमध्ये ठेवली होती. वाडीतली मंडळी, शाळेतले शिक्षक, काही मुलं. साडेतीनला दत्तप्रसादने विंगेत मला हाक मारली आणि रिक्षातून आणलेली चादर उलगडली. आत खरीखुरी बंदूक. त्याच्या बाबूकाकाची, परवान्याची.

तेव्हाच मी आकाशपाताळ एक करायला हवं होतं. परवान्याचं हत्यार असं कुणाच्या हातात देता येत नाही, हे मला आपोलिनाबायनेच सांगितलं होतं. पण मी काय केलं? मी तो दस्ता बघितला, घासून काळा झालेला. घोड्यावरची गंजाची लाली बघितली. दत्तप्रसादने ती उचलली आणि त्याचा खांदा आपोआप खाली आला, आणि माझ्या तोंडून निघालं, "वा!"

मग तेवढं विचारलं, "रिकामी आसा मा?"

"होय तर. केप नाय तिका," तो म्हणाला. "आवाजासाठी दोन केप आणलंय वेगळे. नुसती केप फुटली की फट् होता, फळी आपटूची गरज नाय."

केप नाय तिका. हे वाक्य मी त्याआधीही ऐकलं होतं, वहीत उतरवून घेतलं होतं, खाली रेघ मारली होती. आणि मी मान डोलावली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

प्रयोग चढत गेला. मध्येच मागे दाराशी आपोलिनाबाय आलेली दिसली, हातात छत्री. माझा राग अजून गेला नव्हता, मी मान फिरवली. शेवटचा प्रवेश आला. दत्तप्रसादने कोपऱ्यातली बंदूक उचलली आणि त्याचा खांदा खाली आला.

मागून आवाज आला, "दत्तू, गज."

हळू होता. दोन-चार माथी वळली. दत्तप्रसाद क्षणभर घुटमळला, त्याला वाटलं आपण वाक्य विसरलो की काय. त्याने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, चल, पुढे चल. त्याने खिशातून केप काढून बसवली.

"दत्तू! खरी आसा ती! गज घाल पयलो!"

या वेळी सगळा हॉल वळला. कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या महिन्याभराच्या कष्टाचं मातेरं होत होतं. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "बाय, गप बस! नायतर भायेर जा!"

लोक मोठ्याने हसले. दत्तप्रसादला धीर आला. त्याने घोडा मागे ओढला, बंदूक खांद्याला लावली आणि वाक्य म्हटलं, "आज ह्यो वाटणीचो इषय कायमचो संपयतंय." समर्थ त्याच्या जागेवर आला, मी खडूने फुली मारून दिलेल्या जागेवर, आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "मार, दादा. मार तर खरो."

इथे मी सात सेकंद थांबायला सांगितलं होतं. सात सेकंद कुणी हलायचं नाही. माझा शोध!

एक खुर्ची पडली. छत्री पडली. आपोलिनाबाय मधल्या वाटेने येत होती, धावत नव्हती, पण कुणाला वाटही देत नव्हती. माझ्या बाजूने गेली तेव्हा मी तिचा हात धरायला गेले, तर तो घामाने इतका ओला होता की सटकला. तीन पायऱ्या चढली. तिने बंदुकीला हात लावला नाही. ती समर्थच्या पुढे जाऊन उभी राहिली, त्याच्याकडे पाठ, नळीकडे छाती.

"दत्तू," ती म्हणाली, बिथरलेल्या बैलाशी बोलावं तसं, "बोट भायेर काढ, बाबा."

त्याने काढलं. मग तिने तळहाताने नळी खालून वर छपराकडे उचलली.

"घोडो हळू सोड. तसो. आता केप काढ. आता गज."

मी रंगमंचावर पोचले होते आणि तोंडाला येईल ते बोलत होते. सगळ्याचा इस्कोट केलंस, वय झाला तुझा, उद्या कुडाळाक पण अशीच येतलंस काय? समर्थही हसत होता, "बाय, मेलंय नाय मी अजून." तिने आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही. दत्तप्रसादने ओशाळं हसत गज उपसला आणि नळीत सोडला.

धप्प.

मी बोलायची थांबले. गज नळीच्या तोंडातून चार बोटं वर उभा होता. बाबूकाकांच्या गजावरही खूण होती, आणि ती खूण हवेत होती.

आमच्या गावात तो आवाज कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या घरी बंदूक नाही, त्याच्या शेजारी तरी आहे.

तिसऱ्या रांगेतून बाबूकाका उठले. चेहरा पांढरा पडलेला, पण बोलणं चालूच. "ती... डुकरांच्या येळेची असतली. भात कापायच्या आधीची. चार महिने झाले, ती दारू आता पेटाची नाय. आनी केप मी काढलेली, म्हणजे रिकामीच मा..."

"चला भायेर," आपोलिनाबाय म्हणाली.

शाळेच्या मागे चिऱ्यांसाठी माती काढून उभी राहिलेली दरड आहे, पलीकडे नुसता डोंगर. तिने सगळ्यांना आपल्या पाठीमागे, लांब उभं केलं. मुलांना शिक्षकांनी आत नेलं. दत्तप्रसादकडून दोन्ही केप घेतल्या, एक बसवली, दस्ता खांद्यात घट्ट रोवला. नळी दरडीवर.

फट्.

नुसता फट्. धूर नाही, काही नाही.

बाबूकाकांनी मोठा श्वास सोडला आणि हसले. "बगलंस? सांगलंय नाय मी? मेलेली दारू ती!" त्यांच्याबरोबर अजून काही हसले. मीही हसले. सुटल्याचं हसू होतं ते, पण हसले. मनात म्हटलंसुद्धा, म्हातारीने उगाच तमाशा केला.

ती हलली नाही. नळी तशीच दरडीवर, गाल दस्त्याला, ओठ हलत होते. मी दोन पावलं पुढे गेले तेव्हा कळलं की ती 'आमच्या बापा' म्हणते आहे, इगर्जीत म्हणतात ती प्रार्थना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सावकाश. आत एखादी ठिणगी रेंगाळत असली तर तेवढा वेळ द्यायचा, हे तिने मला कधीतरी सांगितलं होतं. प्रार्थना संपली. तिने फुटकी केप काढली आणि दुसरी बसवली.

बार झाला तेव्हा माझे कान बसले. समोरच्या आंब्यावरचे सगळे कावळे एकदम उठले. धुराने दरड दिसेना, वाऱ्याची वाट बघावी लागली. धूर गेला तेव्हा तांबड्या मातीत जेवणाच्या ताटाएवढी जागा उकरली गेली होती आणि तिथून अजून माती गळत होती. समर्थ पुढे गेला. त्या खळग्यासमोर उभा राहिला. खळगा त्याच्या छातीच्या उंचीवर होता. त्याने तिथे हात ठेवला, आणि मग खाली मातीतच बसला, नाटकातल्या नव्या धोतरासकट.

मला काय झालं ते सांगत नाही. मी जाऊन त्याच्या शेजारी मातीत बसले.

संध्याकाळी बाबूकाका स्वतः पोलीस ठाण्यात गेले, बंदूक जमा केली आणि जे झालं ते सांगून टाकलं. त्यांचा परवाना गेला. दत्तप्रसाद तीन दिवस रिक्षा घेऊन बाहेर पडला नाही. समर्थ जेवला आणि झोपला. मी त्याच्या खोलीच्या दारात बसून राहिले, का ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेच्या आधी मी गडगा ओलांडला. हातात 'राखण'ची वही. आपोलिनाबाय कोंबड्या आत घालत होती. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तिला बघितल्यावर एवढंच निघालं, "बाय, मी तुका भायेर जा म्हटलंय. सगळ्यांसमोर."

"म्हटलंस." तिने खुराड्याची फळी लावली. "तुझो राग नाय माका. बस."

मी ओट्यावर बसले. ती उभीच राहिली, आमच्या घराकडे तोंड करून. समर्थ अंगणात रिकाम्या बादल्या भरत होता, तो तिथून दिसत होता.

"तू त्या दिवशी इचारलंस," ती म्हणाली. "दुसरी केप कोणी लावली."

"बाय, नको. माका नको आता ता."

"आईक. आता गोष्टीसाठी नाय इचारूचंस तू, म्हणान सांगतंय." "पयल्या केपीक नुसता फट् झाला. सगळे हसले. बाप्तिस्त समोर हात पसरून उभो होतो, तुझो भाव काल होतो तसोच. हसत होतो. म्हणालो, 'पोली, आनीक एक लाव गो.' बंदूक माझ्या हातात होती. तेणीच खांद्याक लावून दिल्लेली, खेळ म्हणान. मी लावलंय."

वही मांडीवर होती, पेन कानाला होतं, आणि दोन्हींची मला इतकी किळस आली की मी ती ओट्यावर ठेवून दिली.

"बापाशीन माका कदी मारूक नाय," ती म्हणाली. "कोणी काय्येक बोलूक नाय. बंदूक रिकामी होती, अकरा वर्सांच्या चेडवाची काय चूक, असा सगळे सांगीत. सत्तावन वर्सां झाली. लग्न होवन हंय इलंय तेव्हा दाराच्या पाठी ही बंदूक उभी. घोवान सांगल्यान, रिकामी आसा. मी पयलो गज घातलंय. धप्प झाला." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या दिसापासून घालतंय."

मी रडत होते. ती नव्हती.

"काल तू आडयी इलंस समर्थाच्या," मी कशीबशी म्हटलं. "नळीसमोर. तुका कळत नव्हता काय, तुकाच लागली असती?"

"कळत होता तर," ती म्हणाली. "माका काल समर्थ दिसूकच नाय गो. माका जागा दिसली. थंय कोणीतरी उभा रवाक होया होता, आनी त्या वेळी कोणी उभा रवाक नाय."

इगर्जीची घंटा झाली. तिने वही उचलून माझ्या हातात दिली.

"गज परत लिव."

"लिवलंय," मी म्हटलं. सकाळीच लिहिला होता. कुडाळला आम्ही लाकडी बंदुकीत लोखंडी नळी बसवून तो प्रवेश केला, गज खण्ण वाजवून. परीक्षकांनी शेरा मारला, गजामुळे शेवटाचा ताण जातो. बक्षीस मिळालं नाही. मी भांडलेसुद्धा नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना ते पटत नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी घरी न जाता ओट्यावरच बसून राहिले. आपोलिनाबाय आत गेली. दाराच्या पाठची बंदूक हलल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. पलीकडे अंगणात समर्थ शीळ घालत बादली उचलत होता.

खण्ण.

मग तिने दिवा लावला.